कुंचल्याला बांधलेला दोर

इंदूरच्या कला विद्यालयाचा जन्म १९२७ सालचा. होळकर संस्थानाच्या आश्रयाने दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी ते सुरू केले. म्हणजे शंभरी आता हाकेच्या अंतरावर आहे. स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला बसले की मुख्याध्यापकांची यादी, इमारतींची यादी, बक्षिसांची यादी असा क्रम आपोआप डोळ्यांपुढे येतो. तो क्रम मी बाजूला ठेवतो आहे. या विद्यालयाची एक गोष्ट मला सांगायची आहे, ती तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असली तरी एका जागी मांडलेली मी वाचलेली नाही. ती आहे जपानी कुंचल्याची, आणि या गावाच्या कानाची.

कानाची गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण इंदूरला कान आधी आले, डोळे मागून. नानासाहेब पानसे यांचा पखवाज होळकर दरबारात घुमत होता तेव्हा इथे कला विद्यालयाचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. बीनकार बंदे अली खाँ इथे राहून गेले. पुढे दरबारात सारंगी आणि बीन वाजवणारे शाहमीर खाँ आले आणि त्यांचा मुलगा अमीर खाँ इंदूरच्या गल्ल्यांत वाढला. शेजारच्या देवासला रजब अली खाँ होते, आणि १९४८ नंतर तिथेच कुमार गंधर्व येऊन राहिले. रामबागेतल्या किंवा नारायण बागेतल्या मराठी घरात कुणी गायक आला की सतरंज्या पसरल्या जात, बायका आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसत, मुले पेंगत ऐकत. चांगले काय आणि बेताचे काय हे शाळेत जाऊन शिकण्याची गोष्ट नव्हती. ती घरात, हवेत होती.

चित्राच्या बाबतीत तसे नव्हते. चित्र भिंतीवर टांगलेले असे, बहुधा रवि वर्म्याच्या छापाचे, आणि त्याला उदबत्ती ओवाळली जाई. देवळालीकरांना हे बदलायचे होते. ते मुंबईच्या परंपरेत घडलेले. जलरंगावर हुकमत, रेखाटनाची शिस्त आणि उघड्यावर बसून रंगवण्याचा आग्रह ही त्यांची शिकवणूक. इंदूरला स्वतःची पदविका नव्हती, म्हणून मुले परीक्षेला मुंबईच्या जे. जे. स्कूलला जात. माळव्यातून आलेली ही मुले तिथे जी चित्रे दाखवत, त्यांतला मोकळा हात आणि उजेडाची जाण परीक्षकांच्या लक्षात राहत असे, असे त्या पिढीतली माणसे सांगत. राजवाड्यामागची गर्दी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, खान नदीचा घाट, दुपारच्या उन्हात पांढरी पडलेली भिंत, हे विषय होते. माणसाने पेपर-बोर्ड आणि पाण्याचा डबा घेऊन रस्त्याच्या कडेला बसायचे आणि भोवती पोरे गोळा व्हायची. आजच्या भाषेत ज्याला कलेचा सार्वजनिक कार्यक्रम म्हणतात, तो इथे असा, कुणी न ठरवता, फुटपाथवर सुरू झाला. बघणाऱ्याला तिकीट नव्हते. चित्रकाराला मात्र पोरांच्या शेऱ्यांना तोंड द्यावे लागे, आणि माझ्या मते ते शिक्षण वर्गातल्यापेक्षा कडक होते.

त्याच वर्षांत गावाच्या दुसऱ्या टोकाला निराळेच आधुनिक जग उभे राहत होते. तरुण महाराज यशवंतराव होळकर यांच्यासाठी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस याने १९३० ते १९३३ या काळात माणिक बाग राजवाडा बांधला. युरोपातले सगळ्यांत नवे फर्निचर तिथे आले, ब्रांकुशीची शिल्पे आली. ध्यानमंदिराच्या योजनेसाठी १९३८ च्या सुरुवातीला खुद्द ब्रांकुशी इंदूरला येऊन गेला. मंदिर झाले नाही. राजवाड्याच्या आतली ती कला अद्भुत होती, पण फाटकाबाहेर आली नाही. कला विद्यालयाची वाट निराळी होती. तिला फाटकच नव्हते.

संध्याकाळच्या वर्गांमुळे हे शक्य झाले. दिवसा कॉलेज किंवा दुकान किंवा गिरणी, संध्याकाळी ड्रॉइंग. नारायण श्रीधर बेंद्रे हे इंदूरचेच, जन्म १९१०. दिवसा होळकर कॉलेजात पदवीचा अभ्यास आणि जोडीला देवळालीकरांकडे चित्रे, असा त्यांचा दुहेरी दिनक्रम होता. देवकृष्ण जोशी महेश्वरचे, त्यांच्या ब्रशात नर्मदेचा घाट आधीच मुरलेला. सोलेगावकर आले. विष्णू चिंचाळकर आले. आणि पंढरपूरला जन्मलेला, वडिलांबरोबर इंदूरला वाढलेला, सायकलवर रंगाची पेटी बांधून भटकणारा मकबूल फिदा हुसेन आला. मुलगा चित्रकारच होणार म्हणतो, तर त्याला होऊ द्यावे, हे वडिलांना बेंद्र्यांच्या शब्दावर पटले, अशी आठवण हुसेन यांनी स्वतः सांगितली आहे. वयाने पाच वर्षांनी मोठ्या विद्यार्थ्याने धाकट्याच्या वडिलांशी बोलावे आणि त्यांनी ऐकावे. इतक्या साध्या गोष्टींवर संस्था उभ्या राहतात.

आता जपान. इंदूरपासून इतक्या दूरचा देश या गोष्टीत कसा शिरला, हे सांगायला थोडे कलकत्त्याला जावे लागेल. १९०२ साली ओकाकुरा काकुझो हा जपानी विचारवंत तिथे आला आणि ठाकूरांच्या घरात मिसळून गेला. पुढच्या वर्षी त्याने योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुनसो या दोन चित्रकारांना पाठवले. ताइकान चित्र रंगवताना पाण्याने भरलेला रुंद कुंचला वरून फिरवी, कडा विरघळत आणि रंग धुक्यासारखे एकमेकांत जात. अवनींद्रनाथ ठाकूर हे पाहत बसले. मग त्यांनी एक पाऊल पुढे टाकले आणि अख्खा कागदच पाण्यात बुडवला. वाळवायचा, रंगवायचा, पुन्हा बुडवायचा. आपण ज्याला वॉश म्हणतो ती बंगाली पद्धत अशी जन्मली. १९०५ चे अवनींद्रनाथांचे 'भारतमाता' हे चित्र तिचे सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण.

ताइकाननंतरचा दुवा मला जास्त जवळचा वाटतो, कारण तो महाराष्ट्रातून जातो. १९१६ साली रवींद्रनाथ जपानला गेले असता शिमोमुरा कान्झान याचे 'योरोबोशी' हे मोठे चित्र पाहून ते खिळून उभे राहिले. नो नाटकातला एक आंधळा भिक्षू फुललेल्या प्लम वृक्षाखाली उभा आहे आणि समोर सूर्य मावळतो आहे. त्याला तो दिसत नाही, पण तो पाहतो आहे. रवींद्रनाथांनी त्या चित्राची प्रत मागितली. ती करायला अराई काम्पो या तरुण चित्रकाराला सांगण्यात आले, आणि त्याच वर्षी हा काम्पो कलकत्त्याला शिकवायला आला. तिथून तो अजिंठ्याला गेला. १९१७-१८ च्या हिवाळ्यात, औरंगाबादपासून पुढे त्या लेण्यांच्या अंधारात बसून, जपानी सहकाऱ्यांबरोबर त्याने भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. जपानला नेलेल्या त्या प्रती १९२३ च्या भूकंपात जळाल्या. म्हातारपणी हाच काम्पो जपानमधल्या होर्यूजी मंदिराच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होता. त्या चित्रांचे अजिंठ्याशी असलेले नाते त्याच्या डोळ्याला लगेच ओळखू येणार, यात नवल नाही. १९४५ मध्ये तो गेला आणि १९४९ च्या आगीत होर्यूजीची मूळ चित्रेही होरपळली. एका माणसाच्या हाताने अजिंठा आणि होर्यूजी दोन्ही गिरवले, आणि दोन्हीकडे आगीने मोठा भाग नेला. उरले ते हातातून हातात गेलेले.

योगायोग असा की काम्पो अजिंठ्याकडे निघाला त्या १९१७ सालीच इंदूरला पहिल्यांदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९३५ साली ते इथे पुन्हा भरले तेव्हा अध्यक्ष होते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. ते स्वतः चित्रकार, अजिंठ्यावर पुस्तक लिहिणारे, आणि पुढे औंधला आपले संग्रहालय उभारणारे. साहित्याच्या मांडवात चित्रकाराला अध्यक्ष करणारे गाव कोणते, असे कुणी विचारले तर मी इंदूरचे नाव सांगेन. कला विद्यालय तेव्हा आठ वर्षांचे होते.

बेंद्रे १९४५ साली शांतिनिकेतनला राहायला गेले. नंदलाल बोस तिथे होते, रामकिंकर होते, विनोदबिहारी मुखर्जी होते. नंदलाल १९२४ मध्ये रवींद्रनाथांबरोबर चीन-जपानला जाऊन आलेले, विनोदबिहारी १९३७-३८ मध्ये जपानला. म्हणजे देवळालीकरांचा विद्यार्थी ज्या ओसरीवर जाऊन बसला, तिथे जपान पुस्तकातले नव्हते. शाई उगाळण्याच्या पद्धतीत ते होते, कुंचला उभा धरण्यात होते, आणि कागदाचा मोठा भाग कोरा सोडण्याच्या धैर्यातही होते. मुंबईची पाश्चात्त्य शिस्त आणि बंगालची पौर्वात्य ओढ यांचे भांडण त्या काळी मासिकांतून जोरात चालू असे. बेंद्र्यांनी भांडण केले नाही. ते बघून आले. १९५० पासून बडोद्याला नव्या ललित कला विभागात त्यांनी शिकवले, आणि तिथल्या संग्रहालयात सयाजीरावांनी जमवलेल्या जपानी वस्तूही हाताशी होत्या. १९५५ मध्ये 'काटा' या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९६२ साली ते अमेरिका आणि जपानचा प्रवास करून आले. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख ही पुढची मोठी नावे त्यांच्या हाताखालून गेली. इंदूरला शिकलेला उजेड असा बडोद्याला पोचला.

जपान इंदूरला आणखी एका, अधिक लांबच्या वाटेने आधीच आलेले होते, आणि ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. देवळालीकरांच्या मुलांचा मोकळा ब्रश, सावलीत काळा न घालता निळा-जांभळा घालण्याची सवय, चौकटीच्या कडेला झाडाची फांदी अर्धी कापून टाकण्याचे धाडस, हे सारे युरोपातल्या प्रभाववादी चित्रकारांकडून मुंबईमार्गे आले असे आपण म्हणतो. पण त्या प्रभाववाद्यांनी ते कुठून घेतले? पॅरिसमध्ये १८६७ च्या जागतिक प्रदर्शनापासून होकुसाई आणि हिरोशिगे यांच्या लाकडी ठशांच्या छापांचे वेड लागले होते. मोनेच्या जेवणघराच्या भिंती त्या छापांनी भरल्या होत्या. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगेचा पावसातला पूल तेलरंगात उतरवून काढला. तेव्हा खान नदीच्या घाटावर १९३० साली अर्ध्या कापलेल्या फांदीचे चित्र काढणाऱ्या पोराच्या मागे, त्याला माहीत नसताना, जपानी ठसेकारागीर उभा होता. एक वाट कलकत्त्याहून, एक वाट पॅरिसहून. दोन्ही इंदूरच्या फुटपाथवर येऊन मिळाल्या.

चिंचाळकर गुरुजींचा पत्ता मात्र यातल्या कोणत्याच वाटेवर सापडत नाही, आणि मला ते सगळ्यांत जपानी वाटतात. हे माझे मत आहे, त्यांनी तसे कुठे म्हटलेले नाही. १९१७ चा जन्म, देवळालीकरांचे शिष्य, जलरंगात तयार झालेला हात. एवढा हात असताना त्यांनी हळूहळू रंग बाजूला ठेवले आणि वाळलेली काटकी, फुटके मडके, झाडाची साल, फेकलेला पत्रा यांत रूप शोधायला सुरुवात केली. त्यात ते भर घालत नसत, वस्तू फक्त थोडी फिरवून ठेवत, आणि मग तिथे बगळा दिसे, म्हातारी दिसे, गणपती दिसे. जपानी चहाच्या खोलीत खडबडीत, वाकडी वाटी पाहुण्यापुढे मानाने फिरवून ठेवतात, तिची खोड तीच तिची शोभा मानतात. गुरुजी तेच करत होते, इंदूरच्या उकिरड्यावरून उचललेल्या वस्तूंनी. त्यांच्या घरी कुणीही यावे. शाळेतली मुले येत, मोलकरीण थांबून बघे, आणि 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते, नाटकवाले बाबा डिके आणि देवासहून कुमार गंधर्व हे मित्र येत. या चौघांच्या गप्पांनी इंदूरच्या एका पिढीला चित्र बघायला, नाटक ऐकायला आणि गाणे वाचायला शिकवले. क्रियापदे मी मुद्दाम अदलाबदल करून लिहिली आहेत.

गुरुजींचे 'खुलते अक्षर खिलते अंक' हे पुस्तक ज्या घरात मुले आहेत त्या घरात असावे. अक्षरांतून आणि आकड्यांतून चित्र कसे उमलते ते त्यात आहे. आपल्याकडे दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढतात, तिची पूजा करतात. त्या पाटीवर लिहिणे आणि काढणे वेगळे नसते. जपानमध्येही लिहायचा आणि काढायचा कुंचला एकच, शाईची कांडी एकच. काजळी आणि सरस यांची ती कांडी दगडावर थोड्या पाण्यात उगाळायची, घाई न करता, चंदन उगाळावे तशी. शाई होता होता मन बसते. आणि आपली पाटीवरची ती सरस्वतीसुद्धा जपानला पोचलेली आहे. तिथे तिचे नाव बेन्झाइतेन, हातात वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य, पाण्याच्या काठी देऊळ. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची ती देवता.

इथे पुन्हा कानाकडे यावे लागते. जपानी चित्र बघताना आपल्याकडचा साधा रसिक गोंधळतो तो एकाच ठिकाणी, रिकाम्या जागेशी. हासेगावा तोहाकू याची पाइन वृक्षांची पडदाचित्रे घ्या, सोळाव्या शतकाच्या शेवटची. सहा-सहा पानांचे दोन पडदे आणि त्यावर शाईच्या फटकाऱ्यांनी उभी केलेली मोजकी झाडे, तीही धुक्यात अर्धी विरलेली. बाकी कागद. चित्र पुरे करायचे राहिले का, असे माणूस विचारतो. त्याला समजावून सांगायला मी पुस्तक उघडणार नाही. मी त्याला अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकायला लावीन, १९६० च्या रेकॉर्डवरचा. अतिविलंबित लय, चौदा मात्रांचा झुमरा, तबला फक्त साधा ठेका धरून. स्वर येतो, थांबतो, आणि मग बराच वेळ काही होत नाही. मारव्याला षड्जावर यायची घाई नसते. तो षड्जापासून दूर राहूनच षड्जाची आठवण देत राहतो. त्या थांबण्यात ऐकणारा स्वतःच पुढचा स्वर मनात लावून बघतो. जपानी भाषेत या मधल्या जागेला 'मा' म्हणतात. ती उणीव नसते, दोन गोष्टींना धरून ठेवणारी ती जागा असते. इंदूरच्या माणसाला 'मा' शिकवावी लागत नाही. त्याने ती सतरंजीवर पेंगत असताना ऐकलेली आहे. फक्त डोळ्यांनी ऐकायचे आहे, एवढे सांगावे लागते.

आणखीही जुळते. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या झेआमीने नो नाटकाची चाल सांगितली ती जो, हा, क्यू अशी. संथ सुरुवात, मग उलगडा, मग वेगाने शेवट. विलंबित, मध्य, द्रुत हे शब्द ज्याच्या जिभेवर आहेत त्याला वेगळे भाषांतर लागत नाही. जपानी राजदरबाराच्या गागाकू संगीतात मुख्य रचनेआधी 'नेतोरी' नावाचा छोटा तुकडा वाजतो, स्वरांची हवा बांधण्यासाठी. आपला आलाप त्याहून फार विस्तारला, पण काम तेच. आणि 'शो' नावाचे बांबूच्या नळ्यांचे फुंकवाद्य सगळ्याच्या मागे स्वरांचा एक स्थिर पडदा धरून असते, तंबोऱ्यासारखा. सगळे एकच आहे असा याचा अर्थ नाही. गागाकूत तंबोऱ्याची ऊब नाही, त्याचा गारवा निराळा आहे, आणि पहिल्यांदा ऐकताना तो गारवा आपल्याला अंगावर येतो. पण ओळख पटायला हा दुवा पुरतो.

या दोन्ही कलांची एकत्र सुरुवात जिथे दिसते तो प्रसंग मला या इतिहासात नोंदवायचाच आहे, जरी तो इंदूरपासून फार दूरचा आणि फार जुना असला. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोचला. त्याच्याबरोबर चंपा देशाचा एक संगीतज्ञ भिक्षू होता, आणि गागाकूतल्या काही नृत्यांचे मूळ या दोघांकडे नेले जाते. ७५२ साली नारा इथल्या तोदाइजी मंदिरात ब्राँझच्या प्रचंड बुद्धाची प्रतिष्ठापना झाली. मूर्तीचे डोळे रेखायचा मान बोधिसेनाला मिळाला. आपल्याकडे गणपतीची आखणी शेवटी करतात, डोळे उघडले की मग मूर्तीत देव आला असे मानतात, नेत्रोन्मीलन म्हणतात. तेच तिथे. पण एक गोष्ट आपल्याकडे नाही. बोधिसेनाच्या हातातल्या त्या कुंचल्याला निळ्या रेशमाचा लांबच लांब दोर बांधला होता, आणि तो दोर खाली जमलेल्यांच्या हातात दिलेला होता. राजकुळातल्यांनी धरला, इतरांनी धरला. बोधिसेनाने बुबुळ रेखले तेव्हा दोर धरलेल्या प्रत्येकाने ते रेखले. मग वाद्ये वाजली, अनेक देशांची नृत्ये झाली. तो कुंचला आणि तो दोर नाराच्या शोसोइन भांडारात आजही जपून ठेवलेले आहेत. शेजारी पाच तारांचा एक बिवाही आहे, मोत्याच्या शिंपल्यांनी मढवलेला, त्याच्यावर उंटावर बसून वाजवणारा वादक. पाच तारांचा इतका जुना बिवा जगात दुसरा उरलेला नाही.

गेल्या जवळजवळ शंभर वर्षांत या विद्यालयाने जे केले त्याला मला दुसरी उपमा सुचत नाही. कुंचला कुणाच्या तरी एकाच्या हातात असतो, देवळालीकरांच्या, बेंद्र्यांच्या, गुरुजींच्या. दोर मात्र फुटपाथवर बघत उभ्या राहिलेल्या पोराच्या हातात असतो, संध्याकाळच्या वर्गाला गिरणीतून धावत आलेल्याच्या हातात असतो. १९५५ मध्ये इंदूरला आकाशवाणीचे केंद्र आले आणि गाण्याचा दोर घराघरांत पोचला. चित्राचा दोर तेवढा लांब अजून झालेला नाही, ही खंत इथे लिहून ठेवतो. देवळालीकरांच्या नावाची कला वीथिका आहे, तिथे प्रदर्शने होतात, पण बघायला येतात ती बहुधा आधीच चित्र जाणणारी माणसे. मराठी नाटकाला, गाण्याला या गावात जी गर्दी होते ती चित्रापर्यंत येत नाही. पुण्यात ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेले पु. ल. देशपांडे उद्यान आहे. सकाळी फिरायला येणारा माणूस नकळत जपानी मांडणीत चालून जातो, पाण्याकाठी थांबतो, दगड बघतो. तसे नकळत घडणे इंदूरच्या चित्राला हवे आहे.

म्हणून शंभरीच्या वर्षासाठी माझ्या मनात एक बेत आहे, स्मरणिकेत छापला तर कुणी मनावर घेईल या आशेने मांडतो. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर, नदीच्या बाजूला, पहाटेची वेळ. दिवे लावायचे नाहीत. एक तंबोरा, आणि गाणारा जो कुणी असेल तो, नाव छापायचे नाही. समोर मोठ्या पांढऱ्या कागदाची लांब पट्टी जमिनीवर अंथरलेली, शेजारी शाईच्या कांड्या आणि दगड. आधी अर्धा तास फक्त उगाळायचे, तंबोरा लागत असताना. लहान मुले, आजी, रिक्षावाला, जो येईल त्याने कांडी हातात घ्यायची. उगाळायला कौशल्य लागत नाही, सहाणेवर हात चाललेल्या प्रत्येकीला ते येते. मग आलाप सुरू झाला की विद्यालयातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने कुंचला भरून घ्यायचा आणि छत्रीचा कळस, झाड, काठावरचा कुत्रा, जे दिसेल ते मोजक्या फटकाऱ्यांत उतरवायचे. स्वर थांबला की हातही थांबवायचा. कागद भरायचा नाही. काय सोडायचे ते बघणाऱ्यांना विचारायचे, इथे फांदी हवी का, की राहू द्यावी? उत्तरे येतील, भांडणेही होतील. गाण्याच्या बैठकीत 'अजून आळवा' म्हणणारे गाव आहे, 'अजून काढू नका' म्हणायलाही ते शिकेल.

शाई पुरेशी काळी झाली की नाही हे पाहण्यासाठी नारायण बागेतल्या एखाद्या आजींना बोलवावे. चंदन किती उगाळायचे हे त्यांना सांगावे लागणार नाही. आणि कुंचल्याला, तो कुणाच्याही हातात असो, एक निळा दोर बांधावा, मागे बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल एवढा.